ड्रमच्या आतला आवाज

आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवा,

जय भीम, जय सेवालाल.

लिफाफा बघून हसशील. आपल्या वयाची माणसं पत्रं लिहीत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण तू नंबर बदललास, ग्रुपमधून निघून गेलास, आणि तुझ्या बहिणीला, निताला विचारलं तर ती म्हणाली, "पत्ता देते भाऊ, नंबर कुनाला देऊ नको म्हनलाय देवादादा." म्हणजे टपालाला तुझी हरकत नाही असं मी धरून चाललो आहे. पोस्टातल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, नोकरीचा अर्ज आहे का म्हणून.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र खणखणीत आहे. दुकानात लग्नसराई आणि जयंती अशी दोन्हीकडची जळालेली अ‍ॅम्प्लिफायर दारापर्यंत रचून ठेवली आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाला आडवं होऊन आत यावं लागतं. तू पुण्यात काय खातोस, कुठे झोपतोस, काही कळत नाही. वजन घटलंय असं निता म्हणत होती.

आपल्या 'खरखर' ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला आहे. नागपूरच्या ऐश्वर्याने एका सकाळी टाकलं, "हे जपानी नॉइज म्युझिक, सूर-ताल नसलेला हा नुसता गोंगाट, तुम्हाला खरंच आवडतो, की आवडतं असं सांगायला आवडतं? प्रामाणिक उत्तर द्या." अकरा जणांचा ग्रुप, आणि तीन दिवसांत चारशे मेसेज. एक म्हणतो, सूर म्हणजे कुणीतरी आधीच आखून दिलेली वाट, तिचा कंटाळा आला म्हणून ऐकतो. दुसरा म्हणतो, टोकियोच्या त्या तिघांची एकच तार पंचवीस मिनिटं घासलेली ऐकली की माझं डोकं धुतल्यासारखं होतं. कनेरगाव नाक्याच्या लखमाने तर कमाल केली. त्याने भर दुपारी ढाब्यावर ओसाकाच्या त्या एकट्या माणसाची टेप लावली, तोच, जो पत्रा, जुना रेडिओ आणि तुटका माइक घेऊन बसतो. एक ट्रकवाला जेवण सोडून काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "भैया, तेरा स्पीकर मर गया." लखमाने तेवढंच वाक्य ग्रुपवर उत्तर म्हणून टाकलं.

मी माझं जुनंच तुणतुणं वाजवलं. आवाजाला अर्थ चिकटवायचा नाही. हा कशाचा, तो कुणाचा, असं विचारायचं नाही. डोळे मिटायचे आणि नुसता आवाज ऐकायचा. मग गोंगाट असं काही उरत नाही, थर दिसायला लागतात. तुझी बाजू मांडायला कुणी नव्हतं म्हणून तीही मीच मांडली. लिहिलं की आमचा देविदास म्हणायचा, त्या सगळ्या गदारोळाच्या आत कुणीतरी माणूस ओरडत असतो, आपण त्याला शोधत राहतो, म्हणून ते अर्ध्यात सोडवत नाही. ऐश्वर्या लगेच तुझ्या बाजूला गेली. बाकीचेही गेले. मी एकटा पडलो आहे, येऊन भांड की स्वतः.

हिंगोलीच्या कॉलेजला जाताना एसटीत एक हेडफोन दोघांत वाटून आपण हेच भांडायचो, आठवतं? आणि तुझ्या वडिलांना, हिराकाकांना मी पहिल्यांदा ते ऐकवलं तो दिवस? खळ्यावर ट्रॅक्टरला जोडलेल्या लोखंडी ड्रममध्ये हळद पॉलिश चालली होती. त्यांनी हेडफोन रुमालावरूनच कानाला लावला, दोन मिनिटं गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे तं आपलाच ड्रम हाय. जपानात बी हळद पिकती का रं?" त्या दिवसापासून मी त्यांचा 'रेडिओवाला' झालो. नावाने त्यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही.

असो.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. निताचं लग्न वैशाखात आहे हे तुला माहीतच आहे. वडील नाहीत तर सख्ख्या चुलत्याने मांडवात उभं राहायचं, आणि चुलता एकच, किसनकाका. याडीला मी भेटलो (तुझ्यामुळे मीही तुझ्या आईला याडीच म्हणतो). ती म्हणाली, "देवा बोलला तरच किसनला बोलवीन. न्हाई तं न्हाई." तुझ्या एका शब्दावर अडलं आहे.

गेल्या मंगळवारी किसनकाका दुकानात आले होते. आडवे होऊन आत आले, स्टुलावर बसले. मग म्हणाले, "तुज्याजवळ आवाज मोजायची मशीन हाय म्हनत्यात. माजे कान मोजून दे."

"काहून काका?"

"मोज तं खरं."

माझ्याकडे अ‍ॅम्प्लिफायर तपासायला बारीक-जाड आवाज काढणारं यंत्र आहे, ते तू पाहिलं आहेस. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, माझा हात दिसू नये म्हणून त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि सांगितलं, आवाज आला की हात वर करा. जाड आवाजाला हात वर गेला. थोडा बारीक केला, हात अर्धाच उठला. आणखी बारीक केला, तेव्हा हात मांडीवरच राहिला. मी आवाज वाढवत गेलो. हेडफोनमधून बाहेर इतकी शिट्टी फुटली की दारातल्या गिऱ्हाइकाने कानात बोटं घातली. काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "सुरू केलं का?"

तीस वर्षं ट्रॅक्टरवर बसलेला माणूस आहे, देवा. माणसाची ओरड ज्या पट्टीत असते ती पट्टीच त्यांच्या कानातून गेली आहे. समोर बसून तोंडाकडे बघून ते बोलतात म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं तर म्हणाले, "लिहून दे." मी दुकानाच्या पावतीवर लिहून दिलं की किसनसिंग यांना बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि खाली शिक्का मारला. ती पावती त्यांनी घडी घालून टोपीत ठेवली.

हिराकाकांचा ड्रमपाशी अपघात झाला त्याच्या आदल्या आठवड्यात कुणाची हळद आधी ड्रममध्ये घालायची यावरून दोघा भावांचं वाजलं होतं, म्हणून हिराकाका ओरडत असताना किसनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे तू मातीच्या दिवशी सगळ्या तांड्यासमोर बोललास. तुझं दुःख मी समजतो. पण त्यानंतर दोन वर्षं त्या माणसाच्या दारात कुणी गेलेलं नाही. त्याचा ट्रॅक्टर कुणी भाड्याने सांगत नाही. त्या दिवशी तू डोंगरकडा गावाला पोती आणायला गेला होतास, तू पाहिलेलं नाहीस. मी तिथे होतो. मला काही ऐकू आलं नाही, तर त्यांना कुठून येणार?

एक ओळ याडीला पाठव. बस.

तुझाच,
प्रज्ञेश


आखाडा बाळापूर
९ मार्च २०२५

प्रिय देवा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते मला देण्याआधी वाचलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. वाचायला वेळ लागण्यासारखं काही नव्हतंच. 'काकांचे कान गेले होते हे मानलं. तुझे तर शाबूत होते.'

त्याच्या उत्तरासाठी तीन कागद फाडले.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. तू गेल्यावर हिराकाका ड्रमच्या पलीकडच्या बाजूला होते. ड्रम ट्रॅक्टरला जोडलेला, किसनकाका ट्रॅक्टरवर, तोंड पुढे. याडी भाकरी आणायला घरी गेली होती. मी वीसेक पावलांवर बाभळीखाली बसलो होतो. धूळ इतकी होती की पिवळ्या ढगापलीकडे काही दिसत नव्हतं. ड्रमचा आवाज किती असतो हे तुला मी सांगायला नको. इंजिनाचा वेगळा. बाहीचं टोक ड्रम फिरवणाऱ्या साखळीत गेलं आणि साखळीने हात ओढला, हे आपल्याला नंतर कळलं. किसनकाकांनी ट्रॅक्टर बंद केला तेव्हा मी उठून पळालो. हवालदारालाही मी हेच सांगितलं.

आणि ड्रमचा आवाज टिपायला मी खळ्यावर रेकॉर्डिंगचं मशीन आणलं होतं, त्याचं तू दवाखान्याच्या आवारात एकदा विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं तेच आत्ताही सांगतो. मशीन सुरूच केलं नव्हतं. वायर जोडत होतो.

इकडची बातमी म्हणजे तांड्यात बैठक बसली होती. किसनकाका पावती घेऊन गेले. ती हातोहात फिरली. कुणीतरी म्हणालं, ह्यो काय डाक्टर हाय का, रेडिओ दुरुस्त करतो. ते खरंच आहे. मग दोघा-तिघांनी परीक्षा घेतली. काकांच्या पाठीमागे उभं राहून त्यांना शिव्या दिल्या, मग हिराकाकांचं नाव घेऊन ओरडले. काका समोर तांड्याच्या नायकाच्या तोंडाकडे बघत बसले होते, ते वळले नाहीत. लोक म्हणाले, सोंग करून राहिला. निताने हे मला फोनवर सांगितलं आणि फोन मधेच ठेवून दिला.

शेवटी नायक म्हणाले, किसन, चूक कबूल कर, भावजयीच्या पायावर डोकं ठेव, तांडा तुला पोटात घेईल. पोरीच्या मांडवात तुझी जागा तुला मिळेल. काका म्हणाले, विचार करतो.

ग्रुपवर वाद अजून चालूच आहे. मी दोन दिवस काही लिहिलेलं नाही. ऐश्वर्याने विचारलं, हरलास का.

आईने तुला आशीर्वाद सांगितला आहे. बाकी ठीक.

तुझा,
प्रज्ञेश


आखाडा बाळापूर
८ एप्रिल २०२५

देवा,

आज नमस्कार-चमत्कार काही सुचत नाही.

मधल्या महिन्यात तू लिहिलं नाहीस, मीही नाही. जयंतीमुळे दुकानात श्वास घ्यायला वेळ नाही असं सगळ्यांना सांगत होतो. वेळ भरपूर होता.

काल दुपारी किसनकाका आले. स्टुलावर बसले, टोपी काढली, पावतीची घडी काढून काउंटरवर ठेवली. घामाने शिक्का पुसट झाला होता. म्हणाले, "हे घे. आता हिचं काम न्हाई. म्या ऐकलं म्हनून सांगून आलो."

मला आधी कळलंच नाही. मी त्यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून विचारलं, "काय ऐकलं काका?"

"हिराची हाक. ऐकली आन् उतरलो न्हाई, असं बैठकीत बोललो. वहिनीच्या पायावर डोकं ठिवलं. झालं."

"पण तुमी ऐकलंच न्हाई. मी मोजलेत तुमचे कान."

"न्हाई ऐकलं."

"मग खोटं काहून बोललात? लग्नासाठी?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, ती सारखी केली. मग म्हणाले, "लग्नाचं हायच. पर वहिनीनं मला इचारलं रे पोरा. मला म्हनली, त्यो वरडला असंल ना? मंग कुनीच कसं ऐकलं न्हाई? दोन वरीस ती हेच इचारून राहिली. माजा भाऊ जीव तोडून वरडला आन् कुनीच ऐकलं न्हाई, असं मी तिला कसं सांगू? त्यापरीस मी ऐकलं, मी वाईट, ते बरं हाय. कुनी तं ऐकाया पायजे होतं ना."

एवढं बोलून ते गेले. मी शटर ओढलं आणि आत बसलो.

आता लिहितो.

मशीन सुरू होतं. तू खळ्यावरून निघालास त्यानंतर पाच मिनिटांनी मी ते सुरू केलं. माइक मी बांबूला बांधून ड्रमच्या पलीकडच्या अंगाला रोवला होता, साखळीपासून तीन-चार हातांवर, कारण साखळीचा खडखडाट मला हवा होता. तुझ्या-माझ्या वादाचा निकाल लावायचा होता ना. आपलं ठरलं होतं की जपानचं राहू दे, आपल्या खळ्यावरचा एक तुकडा आपण ग्रुपवर टाकायचा, आणि आत माणूस ऐकू येतो की नुसता आवाज, ते लोकांनी सांगायचं. बाभळीखाली बसून मी हेडफोन घातला आणि डोळे मिटले. नियमच होता माझा, डोळे मिटायचे.

धूळ होती म्हणून दिसलं नाही, हे खोटं आहे. धूळ होती. पण डोळे उघडे असते तर धुळीतूनही दिसलं असतं.

तेविसाव्या मिनिटाला हेडफोनमध्ये एक नवीन आवाज आला. साखळीच्या वर, उंच, मधेच तुटणारा, पुन्हा येणारा. मला वाटलं ड्रमचं बेअरिंग कोरडं पडलं. नाही, हेही पूर्ण खरं नाही. बेअरिंग हा शब्द मी नंतर शोधला, हवालदाराला सांगायला. त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही, कारण काही वाटून घ्यायचं नाही हेच मी इतकी वर्षं शिकलो होतो. हा कशाचा आवाज, हे मी विचारलं नाही. तो फक्त चांगला होता. ज्यासाठी आपण ओसाकाच्या टेपा तीन-तीनदा ऐकायचो तसा होता.

मी बटण फिरवून आवाज वाढवला.

रेकॉर्डिंगमध्ये ते कळतं. त्या जागी सगळं अचानक जवळ येतं. यंत्र ते आपोआप करत नाही, माझं बोट करतं.

एकोणीस सेकंद आहेत. तेवीस मिनिटं आठ सेकंदांपासून तेवीस सत्तावीसपर्यंत. मग इंजिन दबतं आणि बंद होतं. किसनकाकांनी ट्रॅक्टर बंद केला तो काही ऐकून नाही. सीटखाली इंजिन दमलेलं त्यांना कळलं, म्हणून त्यांनी मागे पाहिलं. ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला अंगाने कळलं. ते पळाले, त्यांच्यानंतर मी पळालो, आणि पळतानासुद्धा हेडफोन माझ्या गळ्यात होता. काकांचे कान मी ज्याने मोजले तो हेडफोन तोच आहे. दुसरा माझ्याकडे नाही.

तू पोती घेऊन परतलास, पुढचं तू पाहिलंस. नांदेडच्या वाटेवर हिराकाका गेले तेव्हा त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि मी पुढच्या सीटवर ते यंत्र पिशवीत घालून पायांत धरून बसलो होतो.

घरी येऊन मी ते ऐकलं. त्याच आठवड्यात. आणि देवा, तुला सगळंच सांगायचं म्हणून बसलो आहे तर हेही सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती ही, की किती स्वच्छ आलंय. त्यानंतर मी कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. पण आधी ते मनात आलं. त्या दिवसापासून मी नॉइज ऐकलेलं नाही. ग्रुपवर जे लिहितो ते सगळं आठवणीतून लिहितो, जुनी वाक्यं फिरवून फिरवून. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा शब्द कळले. तुमच्या बोलीतलं सगळं मला कळत नाही, पण हाका कळतात. दोनदा ते किसनकाकांच्या नावाने ओरडतात. काकांचं तोंड पुढे आहे आणि त्यांना ऐकू येत नाही हे बहुधा हिराकाकांना त्याच वेळी उमगलं असेल, कारण तिसरी हाक त्यांना नाही.

तिसरी हाक मला आहे. "रेडिओवाल्या."

एकदा नाही, दोनदा. मी वीस पावलांवर होतो. हिराकाकांना मी दिसत होतो, कानाला यंत्र लावून बसलेला, सगळं ऐकणारा. त्यांना वाटलं असणार, ह्याला ऐकू जाईल. आणि गेलंच ऐकू. मी बटण फिरवलं ते त्या दोन हाकांच्या मधे.

दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा मी सांगू शकलो असतो. तुझ्या डोळ्यांत मी पाहिलं आणि म्हणालो, सुरूच केलं नव्हतं. मातीच्या दिवशी तू किसनकाकांची गचांडी धरलीस तेव्हाही मी तिथेच होतो, तुझ्या मागे, तुला आवरत. तुला आवरताना मला बरं वाटत होतं. कुणावर तरी आळ गेला, माझ्यावर गेला नाही, याचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. दोन वर्षं त्या म्हाताऱ्याच्या दारात कुणी गेलं नाही आणि मी दुकानात बसून लोकांचे स्पीकर दुरुस्त केले. त्याचे कान मोजून दिले तेव्हा वाटलं, चला, आपण त्याच्यासाठी काहीतरी केलं. पावतीवर शिक्का मारला. याहून हलका माणूस मी पाहिलेला नाही.

फेब्रुवारीत तुला लिहिलं तेही त्याच्यासाठी नव्हतं. तू त्यांना माफ केलंस की मी सुटलो, एवढंच होतं.

पण काल त्यांनी माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि कशासाठी, तर याडीला असं वाटू नये की तिच्या नवऱ्याची हाक वाऱ्यावर गेली. ते मला सहन होत नाही. दुसरं काहीही मी आणखी वीस वर्षं गिळलं असतं, मला माझी ओळख आहे.

येत्या रविवारी, तेरा तारखेला, मी तांड्यावर जाणार आहे. नायकांना आजच निरोप पाठवला की बैठक बोलवा, मला बोलायचं आहे. कशाबद्दल ते सांगितलेलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "चौदा तारखेच्या आदी जा. खोटं घेऊन बाबासाहेबांच्या फोटोपुडं उभा राहू नको." तिथे काय होईल ते होईल. मारतील असं मला वाटत नाही. मारलं तर बरं वाटेल असं मात्र वाटतं, आणि म्हणूनच मारणार नाहीत.

याडीपुढे मी काय बोलणार ते अजून ठरत नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. हो, ते ओरडले. हो, एकाने ऐकलं. त्याने काय केलं, असं ती विचारेल.

तुला हे माझ्या तोंडून आधी कळावं म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. लिफाफ्यात कागदाच्या पुडीत मेमरी कार्ड आहे. याची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. ऐक म्हणून पाठवत नाही. तुझ्या वडिलांचा आवाज आहे तो, दोन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता, त्यावर माझा काही हक्क नाही. पोलिसांना द्यायचं तर दे. नदीत टाकायचं तर टाक. ऐकणार असलास तर एकटा ऐकू नकोस, आणि तेविसाव्या मिनिटाच्या आधी थांब. आधीचं ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला ते कुणाशी तरी बोलतात, बहुतेक बैलाशी, आणि स्वतःच हसतात.

किसनकाकांना फोन कर. नुसता फोन करून चालणार नाही, त्यांना ऐकू येत नाही. ये. समोर बस, तोंड दिसेल असं.

ग्रुपवर काल रात्री शेवटचं लिहिलं आणि बाहेर पडलो. ऐश्वर्याला लिहिलं की देवा बरोबर होता, आत माणूस असतो. तिने अंगठा पाठवला. तिला वाटलं, मी वाद हरलो.

तुला ज्या नावाने लिहीत आलो ते नाव आज खाली लिहवत नाही. त्यांनी शेवटी ज्याला हाक मारली तोच,

रेडिओवाला